बोईसरला उतरल्यावर खायचं काय? पालघरच्या किनाऱ्यावर कोणतीही पाटी न लावता मिळणाऱ्या चवी

बोईसर म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? तारापूरचं अणुऊर्जा केंद्र, एमआयडीसीतल्या कारखान्यांचे धुरांडे आणि डहाणू लोकलची गर्दी. खास खाण्यासाठी बोईसरला निघालोय असं कुणी सांगितलं, तर समोरचा आधी हसेल.

पण याच बोईसरच्या पश्चिमेला रिक्षाने थोडं पुढे गेलं की समुद्र लागतो. दक्षिणेला सातपाटी आहे, जिथलं पापलेट मुंबईच्या बाजारात नावाने विकलं जातं. उत्तरेला डहाणू-घोलवडचे चिकू आहेत. पूर्वेला महामार्ग ओलांडला की वारली, मल्हार कोळी, कोकणा आदिवासींचा मुलूख सुरू होतो आणि पावसाळ्यात तिथे रानभाज्यांचा बाजार भरतो.

अडचण एकच आहे. इथल्या खाण्याला पाटी नाही. मालवणी जेवणाची पाटी मुंबई-पुण्यापासून गोव्यापर्यंत सगळीकडे दिसते. पालघरच्या किनाऱ्यावरही अनेक हॉटेलांच्या बाहेर ‘मालवणी थाळी’ असंच लिहिलेलं असतं. मांगेला, वैती, वाडवळ, वारली यांच्या घरात शिजणारं जेवण मात्र बोर्डावर क्वचितच येतं. ते हवं असेल तर कोणत्या गावात, कोणत्या महिन्यात, काय नाव घेऊन मागायचं हे माहीत असावं लागतं.

तेच सविस्तर बघू.

आधी नकाशा समजून घ्या

पश्चिम रेल्वेची लोकल २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत धावते. विरार सोडलं की वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव आणि शेवटी डहाणू रोड, अशी स्टेशनं लागतात. यातलं एकही स्टेशन समुद्राला लागून नाही. किनाऱ्याची गावं स्टेशनांपासून काही किलोमीटर पश्चिमेला आहेत आणि तिथे एसटीने किंवा शेअर रिक्षाने जावं लागतं.

सोपा हिशेब असा. चिंचणी, तारापूर, नांदगाव, नवापूरला जायचं असेल तर बोईसरला उतरा. सातपाटीसाठी पालघर. केळवे बीचसाठी केळवे रोड. चिकू आणि पारशी-इराणी जेवणासाठी डहाणू. एका दिवसात सगळं उरकायला गेलात तर अर्धा दिवस रिक्षातच जाईल. एक स्टेशन निवडा आणि तिथलंच नीट खा.

बोईसर गावात काय मिळतं?

बोईसर हे पर्यटकांचं गाव नाही, ते कामगारांचं गाव आहे. तारापूर एमआयडीसी आणि अणुऊर्जा केंद्र या दोन गोष्टींमुळे गेल्या पन्नास-साठ वर्षांत देशभरातून माणसं इथे आली. केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या आणि त्यातून भारतात पहिल्यांदा व्यापारी तत्त्वावर अणुवीज तयार झाली. माणसं आली, तशी त्यांची जेवणंही आली.

त्यामुळे स्टेशनच्या आसपास वडापाव आणि मिसळीसोबत इडली-डोसा, उत्तर भारतीय थाळी, गुजराती फरसाण हे सगळं मिळतं. शिफ्टवर जाणाऱ्या आणि शिफ्टवरून सुटलेल्या माणसाला पोटभर, झटपट आणि परवडेल असं खाणं लागतं. साधी खानावळ शोधायची असेल तर जिथे कामगार रांगेत बसलेले दिसतात तिथे बसा. अन्न सतत उठतं, म्हणून ते ताजं असतं.

मात्र समुद्राची चव हवी असेल, तर बोईसरच्या मुख्य रस्त्यावर ती शोधण्यात वेळ घालवू नका. रिक्षा पकडा आणि पश्चिमेला निघा.

सातपाटी: पापलेटचं बंदर

४ सप्टेंबर २०२३ रोजी महाराष्ट्र सरकारने पापलेटला राज्य मासा म्हणून जाहीर केलं. पालघरच्या मच्छीमारांची ही जुनी मागणी होती. कारण पापलेट म्हटलं की सातपाटी, हे समीकरण इथल्या लोकांनी तयार केलेलं आहे. इथे मांगेला आणि वैती समाजाच्या मच्छीमारांनी स्वतःच्या सहकारी संस्था उभ्या केल्या आणि मासळी एकत्र विकायला सुरुवात केली.

सातपाटीचं बंदर खाडीत आहे आणि खाडीत गाळ साचलेला आहे. त्यामुळे मोठ्या बोटी भरतीच्या पाण्यावरच आत येतात. म्हणजे ‘सकाळी लवकर गेलं की ताजी मासळी मिळते’ हा नियम इथे रोज लागू होत नाही. भरती कधी आहे ते बघून निघावं लागतं.

भरतीची वेळ काढायची कोळ्यांची एक जुनी युक्ती आहे: तिथीची पाऊणपट. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे साधारण सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. थोडं पुढेमागे होतं, पण अंदाज बरोबर येतो. मोबाइलवर भरती-ओहोटीचं वेळापत्रकही मिळतं. मात्र घरातलं कॅलेंडर बघून वेळ काढण्यात वेगळीच मजा आहे.

पापलेट विकत घेताना तीन गोष्टी बघा.

पहिली, कल्ल्याजवळ दाबून बघा. पांढरट पाणी आलं तर मासा ताजा, लालसर आलं तर शिळा. मासळी विकणाऱ्या मावशी हे स्वतःहून दाबून दाखवतात.

दुसरी, पापलेट म्हणून रूपचंद गळ्यात पडत नाही ना, ते तपासा. रूपचंद हा गोड्या पाण्यात, तळ्यात वाढवलेला मासा. आकार पापलेटसारखाच, पण पोटाकडे लालसर झाक असते आणि तोंडात दात दिसतात. तळून, मसाला लावून ताटात आला की ओळखणं अवघड. म्हणून हॉटेलात ‘पापलेट फ्राय’ फारच स्वस्त दिसला, तर कोणता मासा आहे हे सरळ विचारा.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, आकार बघा. एका प्लेटमध्ये तळहातापेक्षाही लहान तीन-चार पापलेटं आली, तर ती पिल्लं आहेत. त्यांनी एकदाही अंडी घातलेली नाहीत. पापलेटची आवक घटण्यामागे हे एक मोठं कारण आहे. २०२३ मध्येच राज्याने पापलेटसह ५४ प्रजातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला. पण समुद्रातल्या नियमाला बळ बाजारातून मिळतं. गिऱ्हाईकच पिल्लं मागत असेल, तर ती पकडलीही जाणारच. एक मोठं पापलेट घेऊन दोघांनी खाल्लं तर चवही जास्त आणि पापही कमी.

कालवण मालवणी नाही, हे लक्षात ठेवा

दक्षिण कोकणातल्या माशाच्या कालवणात वाटलेला ओला नारळ आणि कोकम असतं. पालघरकडच्या मच्छीमारांच्या घरात कालवण पातळ, झणझणीत आणि लसणाचं असतं. आंबटपणा चिंचेचा किंवा हंगामात कैरीचा. खोबरं कमी किंवा अजिबात नाही. माशाची चव झाकायची नाही, हा त्यामागचा विचार. मासा बोटीवरून थेट घरात येत असेल, तर तो झाकायचा कशाला?

त्यामुळे गावातल्या घरगुती खानावळीत गेलात तर ‘थाळी’ मागू नका. ‘तुमच्याकडे घरी करतात तसं आंबट कालवण आणि तांदळाची भाकरी मिळेल का?’ असं विचारा. आधी फोन करून सांगितलं तर उत्तम. किनाऱ्यावरच्या बऱ्याच घरगुती ठिकाणी जेवण ऑर्डर आल्यावरच शिजतं, कारण सकाळी काय मासळी मिळणार यावर ते अवलंबून असतं. ‘आज पापलेट नाही, बोंबील आहेत’ असं उत्तर आलं तर नाराज होऊ नका. मासा त्या दिवशीचा आहे, याची ती खूणच आहे.

बोंबील तर या किनाऱ्याचा खरा रोजचा मासा. ओला असताना तो इतका पाणीदार असतो की पाट्याखाली दाबून पाणी काढावं लागतं, मग रव्यात घोळवून तळायचा. पावसाळा संपला की बांबूच्या वलांडीवर बोंबलांच्या माळा वाळत घातलेल्या दिसतात. सातपाटीपासून डहाणूपर्यंत हे दृश्य आहे. फोटो जरूर काढा, पण त्या बायकांना विचारून. आणि फोटो काढून झाल्यावर त्यांच्याकडूनच सुके बोंबील किंवा जवळा घ्या. महिनोन्‌महिने टिकतात.

याच पट्ट्यातल्या मुरबे गावाची बातमी २०२१ च्या ऑगस्टमध्ये व्हायरल झाली होती. बंदीनंतरच्या पहिल्याच फेरीत तिथल्या एका बोटीला १५७ घोळ मासे मिळाले आणि लिलावात एक कोटी तेहतीस लाख रुपये आले. घोळ माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला परदेशात प्रचंड मागणी आहे, म्हणून हा भाव. अशी लॉटरी एखाद्याच बोटीला लागते. बाकीच्या बोटी डिझेलचा खर्च तरी निघेल का, या हिशेबात असतात.

केळवे-माहीम: वाड्यांमधलं जेवण

मासे न खाणाऱ्यांनी केळव्याला जावं. इथे सुरूच्या बनामागे वाड्या आहेत. नारळ, केळी, भाजीपाला आणि विड्याच्या पानवेली. वाडवळ समाजाने पिकवलेली ही बागायत आहे आणि त्यांच्या जेवणात ती दिसते.

हिवाळ्यात गेलात तर ‘उकडहंडी’ हे नाव लक्षात ठेवा. मातीच्या हंडीत कंद, वालपापडी, वांगी, शेंगा अशा हंगामी भाज्या मसाला लावून भरायच्या, तोंड बंद करायचं आणि विस्तवावर त्यांच्याच वाफेत शिजू द्यायच्या. गुजरातच्या उंधियूची आणि रायगडच्या पोपटीची ही जवळची बहीण. हॉटेलच्या मेनूवर सहसा सापडत नाही. केळव्यात अनेक घरांमधून राहण्या-जेवणाची सोय होते, तिथे चार-सहा जणांचा ग्रुप असेल आणि आदल्या दिवशी सांगितलं, तर जमू शकतं.

जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, विरारजवळच्या आगाशीचं ‘भुजिंग’ही याच जातकुळीतलं, फक्त मांसाहारी. निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी पोह्यांत आणि मसाल्यात कालवायची. पोह्यांसोबत चिकन ही कल्पना ऐकायला विचित्र वाटते. एकदा खाल्ली की पटते. परतीच्या वाटेवर विरारला उतरणार असाल तर त्याच बाजूची सुकेळीही घ्या. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवून केलेली ही मिठाई साखर न घालता गोड असते.

डहाणू-घोलवड: चिकू आणि इराणी पाहुणचार

डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय टॅग मिळाला. इथे चिकूच्या बागा लावण्यात पारशी आणि इराणी बागायतदारांचा मोठा हात आहे. इराणमधून आलेल्या या कुटुंबांनी डहाणूला घर केलं आणि बागा फुलवल्या. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे. उद्योगांवर बंधनं आली आणि या बागा टिकायला त्याची मदत झाली.

बोर्डी-घोलवडला ताज्या चिकूसोबत चिकूच्या चकत्या, मिठाई, लोणचं असे प्रकार मिळतात. हिवाळ्यात बोर्डीत चिकू महोत्सवही भरतो. याच बोर्डीत चिकूपासून वाइनसुद्धा बनते, ‘फ्रुझान्ते’ या नावाने ती विकली जाते.

पारशी जेवण हवं असेल तर मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाट वाकडी करा. चारोटीजवळचं ‘अहुरा’ आणि तलासरीकडचा ‘पारशी दा ढाबा’ ही तिथली ओळखीची नावं. धानसाक, सल्ली बोटी, अकुरी असं जेवण महामार्गावर मिळावं, हे पालघरमध्येच शक्य आहे.

प्यायचं काय?

पालघरची खरी ओळख ताडाच्या झाडात आहे. उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला ताडगोळे विकायला बसलेल्या बायका दिसतात. कोवळे मागा, आतून पाणीदार असतात. जून झालेले रबरासारखे लागतात.

ताडाचा किंवा खजुरीचा रस पहाटे झाडावरून उतरतो तेव्हा तो नीरा असतो, गोड आणि बिननशेचा. ऊन चढलं की काही तासांत तो आंबतो आणि त्याची ताडी होते. म्हणून दुपारी कुणी ‘नीरा’ म्हणून काही हातात दिलं, तर वास घेऊन बघा. ताडी प्यायचीच असेल तर फक्त परवानाधारक दुकानातून घ्या. पावडर मिसळलेली बनावट ताडी हा गमतीचा विषय नाही. क्लोरल हायड्रेटसारखी रसायनं त्यात सापडलेली आहेत आणि माणसं दगावलेली आहेत.

आणखी एक सूचना. दमण जवळ आहे आणि तिथे दारू स्वस्त आहे. पण तिथून बाटल्या भरून महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि महामार्गावर तपासणी होते.

कोणत्या महिन्यात काय?

- जून-जुलै: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी. या काळात हॉटेलात ‘ताजं पापलेट’ मिळालं, तर ते बहुधा बर्फातलं असतं. या दिवसांत सुकी मासळी खा आणि पूर्वेकडे जा. जव्हार, विक्रमगड, मनोरच्या बाजारात शेवळं, कवळा, टाकळा, लोत अशा रानभाज्या येतात. शेवळं घशाला खाजतात, म्हणून ती काकडं नावाच्या आंबट फळांसोबत शिजवतात. कशी करायची ते विकणाऱ्या बाईलाच विचारा. जूनच्या सुरुवातीला बहाडोलीची जांभळं चुकवू नका. त्यांनाही २०२३ मध्ये जीआय टॅग मिळाला आहे.
- ऑगस्ट ते नोव्हेंबर: बोटी पुन्हा समुद्रात जातात. पापलेट, बोंबील, कोलंबीसाठी हाच सगळ्यात चांगला काळ.
- डिसेंबर ते फेब्रुवारी: चिकू, उकडहंडी, ताज्या भाज्या. वाड्याचा नवा कोलम तांदूळही याच सुमारास बाजारात असतो. त्यालाही जीआय टॅग आहे.
- मार्च ते मे: ताडगोळे, नीरा, कैरी घातलेलं कालवण, सुकी मासळी.

इथला मासा खाणं सुरक्षित आहे का?

हा प्रश्न सोशल मीडियावर नेहमी विचारला जातो आणि तो चुकीचा नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात देशातल्या प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांमध्ये तारापूर पहिल्या क्रमांकावर होतं. औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी प्रक्रियेनंतर नवापूरजवळ समुद्रात सोडलं जातं. याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादात दाद मागितली ती मच्छीमारांनीच. मांगेला समाजाच्या संघटनेने हे प्रकरण तिथे नेलं. म्हणजे प्रदूषणाची पहिली झळ ज्यांना बसली, तेच पहिले बोलले.

खाणाऱ्यासाठी फरक समजून घेण्यासारखा आहे. पापलेट, सुरमई, घोळ मोठ्या बोटी किनाऱ्यापासून बऱ्याच दूर जाऊन आणतात. कालवं, शिंपल्या मात्र एकाच जागी राहून पाणी गाळत जगतात, त्यामुळे पाण्यात जे असेल ते त्यांच्यात साठतं. म्हणून औद्योगिक पट्ट्याजवळच्या खाडीतल्या कालवं-शिंपल्या टाळा. बाकी मासळी घेताना ती कुठली आहे हे विचारा. विकणारी बाई बोटीचं नावसुद्धा सांगेल.

दुसरा प्रश्न भविष्याचा आहे. डहाणू तालुक्यातल्या वाढवण इथे सुमारे ७६ हजार कोटी रुपयांच्या बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झालं. सरकारच्या मते यातून मोठा रोजगार येईल. इथल्या मच्छीमारांचं म्हणणं आहे की ज्या उथळ, खडकाळ पट्ट्यात मासे अंडी घालतात, तोच भराव आणि जहाजांच्या वाहतुकीखाली जाईल. हा वाद अजून मिटलेला नाही. पण या किनाऱ्यावर जेवायला बसणाऱ्याला तो माहीत असायला हवा, कारण तो त्याच्या ताटातल्याच माशाबद्दल आहे.

एका दिवसाचा साधा बेत

पहिल्यांदाच जाणार असाल तर ऑगस्टनंतरचा एखादा कामाचा दिवस निवडा. आदल्या रात्री तिथीवरून भरतीची वेळ काढा. पालघरला उतरून सातपाटीत बोटी येताना बघा. जेवण आधी फोन करून सांगून ठेवलेल्या घरगुती खानावळीत घ्या. जी मासळी त्या दिवशी आली असेल ती खा, पापलेटचा हट्ट धरू नका. निघताना थेट मासळीवालीकडून सुके बोंबील घ्या आणि भाव करताना हात जरा सैल ठेवा.

रील टाकणार असाल तर त्यात हॉटेलच्या सजावटीपेक्षा पदार्थाचं आणि गावाचं नाव नीट लिहा. ‘कोस्टल फूड’ नको. सातपाटीचं आंबट कालवण, केळव्याची उकडहंडी, घोलवडचा चिकू असं लिहा. या नावांनी मागणारे वाढले, तर हॉटेलांच्या मेनूवरही कधीतरी तीच नावं दिसू लागतील.